पेवातला गारवा

१

किशनराव देशमुखांच्या गढीवर त्या वैशाखात एकच काम चालू होतं, अस्वलाला गार ठेवायचं. माणसं उन्हानं कुठं का मरेनात, त्याचं कुणाला काही नव्हतं.

अस्वल पांढरं होतं. दरवेशी घेऊन फिरतो ते काळं अस्वल गंगाखेडकडच्या पोराटोरांनीही पाहिलेलं. हे तसलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत परभणीला एक सर्कस बुडाली. मालक तंबू टाकून पळाला. हत्ती कुणी नेला, घोडी कुणी नेली, हे बर्फाच्या मुलखातलं धूड मात्र कुणी नेईना. देशमुखांनी नेलं. देशमुखीच्या वारसाचं भांडण तालुकदारसाहेबापुढं, म्हणजे निजामाच्या कलेक्टरापुढं, पडलं होतं आणि साहेबाला जनावरांचा भारी शौक. मिरगाच्या आधी साहेब गढीवर येणार, अस्वल बघणार, खूश होणार. सगळा खटाटोप त्यासाठी.

अस्वल भुजंगाच्या गळ्यात पडलं. भुजंग मारक्या बैलांना वठणीवर आणायचा. कुठल्या गावचा वळू असो, यानं शिंगाला हात घातला की गुडघ्यावर यायचा. जनावराला दुखणं तेवढं कळतं, असं त्याचं साधं मत होतं. माणसाबद्दलही फार वेगळं नव्हतं.

पण हे काम त्यानं हौसेनं घेतलेलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ आश्रुबा देवडीत, पाय लाकडी खोड्यात अडकवून ठेवलेला होता. देशमुखांच्या मेव्हण्यानं म्हातारीला, म्हणजे या दोघांच्या आईला, वेठीसाठी झिंज्या धरून ओढलं. आश्रुबानं बैलाच्या जुवाची शिवळ उपसली आणि मेव्हण्याचा जबडा फोडला. बरं केलं. पण बरं केलेल्याची किंमत असतेच.

देशमुख पान लावता लावता म्हणाले, "भुजंगा, साहेब बघून जाईस्तोवर अस्वल जगलं तर आश्रुबा मोकळा. मेलं, तर त्याचे दोनी हात मनगटातून उतरवीन. मग तू भरवीत बस त्याला."

"जगवतो मालक."

"कसं जगवतूस? तुझ्या तोंडाकडं बघून न्हाई जगायचं ते. मलाच बघवत न्हाई."

बैठकीतले सगळे हसले. भुजंग हसला नाही. देशमुख हात तोडतो म्हणाला की तोडायचा. वेशीजवळ एक थोटा बसायचा, तो काही जन्माचा थोटा नव्हता.

मानवतच्या एका जिनिंगवाल्यानं बर्फाचं यंत्र बसवलं होतं. तिथून लाद्या भुशात घालून, गोणपाटात शिवून आगगाडीनं गंगाखेडला यायच्या आणि ठेसनापासून बैलगाडीनं गढीवर. पोचेस्तोवर लादीची वीट झालेली असायची. मागं पाण्याची धार, ती चाटत कुत्री. पिंजऱ्याला वाळ्याचे तट्टे बांधले होते. त्यांच्यावर बाया दिवसभर पाणी मारायच्या. तरी अस्वल जीभ काढून पडलेलं. नावाचं पांढरं, जुन्या वाकळीतल्या कापसासारखं पिवळं झालं होतं. पाठीवरचे केस झडले, तिथं माशा बसायला लागल्या.

भुजंग त्याच्यापुढं उकिडवा बसला. "मरतूस का रं भाड्या?" त्यानं विचारलं. अस्वलानं नुसती पापणी हलवली.

२

गढीवरची पेवं भरायचं आणि उघडायचं काम मुंजाजी म्हाताऱ्याचं. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेली खोली. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट घरासारखं, वर शिळा.

मुंजाजी म्हणाला, "बुरजाच्या अंगाला एक जुनं पेव हाय. म्या कधी भरलं न्हाई, माझ्या बापानं बी न्हाई. पर भर उन्हात त्या शिळेवर पाय ठिवला की गार लागतंय."

"मंग इतके दिस कामून बोलला न्हाईस?"

"तू विचारलं कवा? तुझी विचारायची रीत म्हंजे आधी गचांडी धरायची."

पेव उघडायचा एक नेम आहे. बंद पेवात वाईट हवा कोंडलेली असते. उतरलेला माणूस आतल्या आतच आडवा होतो. म्हणून आधी दिवा सोडतात. विझला तर उतरायचं नाही. जळत राहिला तर खुशाल उतरा. यात कुणी कधी फसलेलं नाही.

शिळा सरकवली. मुंजाजीनं करडीच्या तेलाचा दिवा परडीत ठेवून दोरीनं खाली सोडला. सगळे भोवती वाकून बघत बसले. दिवा छान जळत होता. ज्योत हलतसुद्धा नव्हती. वर ओढला तर ज्योत तशीच, पण दिव्यातलं तेल दह्यासारखं थिजलेलं. मुंजाजीनं बोट लावलं. बोटाचा ठसा उमटला तो तसाच राहिला.

"हे काय गा?" भुजंग म्हणाला.

"गार हाय म्हून."

"येवढं?"

"दिवा इझला का?"

"न्हाई."

"मंग झालं तर."

दिवा विझला असता तर सगळे शिळा लावून घरी गेले असते. तो विझला नाही, आणि दुसरी परीक्षा त्यांना ठाऊक नव्हती.

गढीच्या पांढऱ्या मातीतून बाजूनं एक बोळ खणला, पेवाच्या पोटापर्यंत. बोळाच्या तोंडाला सागवानी दार बसवलं. वरच्या अर्ध्या भागाला गज, खाली खाणं सरकवायला फट. आतून असा गारवा आला की खणणाऱ्यांच्या अंगावरचा घाम जागच्या जागी सुकला. देशमुख स्वतः येऊन उभे राहिले, धोतराचा सोगा हलवीत. "भुजंगा, लेका, डोकं हाय तुला," म्हणाले.

अस्वलाला आणलं. आता गंमत बघा. उन्हानं मरायला टेकलेलं, बर्फात जन्मलेलं ते जनावर बोळाच्या तोंडाशी आलं, नाक वर केलं आणि मागं वळलं. ओढलं तर चारी पाय रोवले. भुजंगानं नाकातल्या कडीला हिसका मारला. नाक फाटलं, रक्ताचा पट्टा मातीत उमटला, अस्वल हललं नाही. मग त्यानं पहार घेतली आणि बरगडीवर घातली. पुन्हा घातली. बघणाऱ्यातले काही जण तोंड फिरवून उभे राहिले. शेवटी ते आत गेलं. गेलं म्हणजे, पोटावर सरकत गेलं.

"माजलंय," भुजंग म्हणाला. "चांगलं कळत न्हाई त्याला."

३

दोन-चार दिवसांत अस्वल खायला लागलं. केस भरले. रंग पांढरा झाला. देशमुखांनी खोड्यातल्या आश्रुबाला भाकरीबरोबर कोरड्यास द्यायला सांगितलं. भुजंगानं ते देवडीत आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्या छातीवरचा धोंडा थोडा हलला.

फक्त एक होतं. अस्वल आत जात नव्हतं. दाराला पाठ टेकून बसायचं आणि तोंड अंधाराकडं. गजांतून उन्हाची तिरीप यायची तेवढ्या जागेत अंग चोरून बसायचं. ऊन सरकलं की तेही सरकायचं. भुजंगानं गजांतून काठी ढोसली तरी मागं वळायचं नाही. दाराजवळ पहारेकरी बसावा तसं बसायचं, फक्त पहारा उलट्या बाजूला.

आणि बर्फ वितळत नव्हता. वरच्या तोंडातून लाद्या खाली सोडायचे. आधी सोडलेल्या आत तशाच असायच्या, कडा धारदार. गार जागेत बर्फ कमी वितळतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भुजंगानं मनाशी तेच म्हटलं. एकदा दुपारी तो दार उघडून, अस्वलाला पहारीनं बाजूला दाबून, लाद्या नीट रचायला आत गेला. एका लादीचा कोपरा चावलेला होता. चावा लहान होता. समोरच्या सपाट दातांचा, पेरूला उमटतो तसा.

त्यानं आपल्या हाताची कड चावून बघितली आणि उमटलेला ठसा लादीवरच्या चाव्याशी लावला. जुळला. मग धोतराला हात पुसला. गाडीवाल्यांपैकी कुणीतरी उन्हात बर्फ चावला असेल, झालं. बाहेर येऊन त्यानं गाडीवानांच्या नावानं, भुशाच्या नावानं, मानवतच्या यंत्राच्या नावानं शिव्या घातल्या. शिव्या घातल्या की त्याला बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

४

अस्वलाला बोकड लागायचा. एका सकाळी भुजंगानं जिवंत बोकड आत सोडला, जरा शिकारीचा जोर येऊ दे म्हणून. बोकड ओरडत दाराशी धावला आणि अस्वलाच्या पोटाखाली शिरला. अस्वलानं त्याला पंजाखाली ओढलं, पण फाडलं नाही. नुसतं धरून ठेवलं. भुजंग वैतागून निघून गेला.

दुपारी आला तर बोकड आत, अंधाराच्या कडेला पडलेला. पोट उघडं. थेंबभर रक्त सांडलेलं नाही. त्यानं पहारीनं ओढला तर तो लाकडासारखा खडखडत आला. अस्वल दाराशीच होतं. त्याचा एक कान नव्हता. पंजावर लहान, सपाट दातांचे चावे होते.

"सोताला खातंय," भुजंग मुंजाजीला म्हणाला. "कोंडलेलं जनावर खातं सोताला. म्या बैल पाहिलाय, शेपूट चावून टाकलेला."

"बैलाला वरचे पुढचे दात असत्यात का रं?" मुंजाजी म्हणाला.

"तू गप ऱ्हाय."

घरी बायकोनं, धुरपताबाईनं, ताटात भाकरी वाढली. हात लागला तशी ती दचकली. "ओ, हात कामून असे? मढ्यावानी गार."

"गार जागी काम करतो म्हून."

"येऊन किती येळ झाला? चुलीम्होरं बसलाव."

"तुला भाकरी वाढायची का हात बघायचा?"

"हातच बघते," ती म्हणाली. "अस्वलासाठी तुमचे गेले अन् भावजींचे वाचले तर काय वाटनी करायची ते सांगून ठिवा." भुजंगाला हसू आलं. तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या काखेत दाबून धरले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

५

साहेब यायच्या दिवशी उन्हानं कहर केला होता. अस्वलाला धुऊन काढायचं म्हणून भुजंगानं दार उघडलं. कडी निघते न निघते तोच त्याला धक्का बसला आणि तो पाठीवर आपटला. अस्वल बाहेर होतं.

देवडीचा पहारेकरी भाला घेऊन आडवा आला. अस्वलानं त्याच्या खांद्यावर पंजा मारला. हात खांद्यापासून लोंबायला लागला आणि तो माणूस हाताकडं बघत खाली बसला. बाया भांडी टाकून पळाल्या. अस्वल कुणाच्या मागं लागलं नाही. अंगणात काळा फरशीचा दगड होता, त्यावर भर दुपारी अनवाणी पाय ठेवला तर फोड येतो. त्या दगडावर ते पोट टेकून आडवं झालं आणि डोळे मिटले. तोंडातून फेस यायला लागला. मरायला घेतलं होतं त्यानं, पण उठत नव्हतं.

देशमुख सज्ज्यातून ओरडले, "आत घाल त्याला! साहेबाची मोटार नदी उतरली!"

पाठीमागून पहारीनं हाणायला भुजंग होता. पुढून दोर धरून पेवात शिरायला कुणी तयार होईना. देशमुखांनी आश्रुबाला खोड्यातून काढायला लावलं. "भावाचं काम भावानं करावं," म्हणाले.

आश्रुबा लंगडत आला. पाय सुजलेले, दाढी वाढलेली. अस्वलाकडं बघून म्हणाला, "दादा, तुझ्यापरीस देखणं हाय की."

"दात काढू नको. कमरेला दोर बांध. तू याला वढत आत जा. म्या दार लावलं की मुंजाजी अन् ही माणसं तुला वरच्या तोंडातून खेचून काढतील."

"आन् येवढ्यात यानं मला खाल्लं तर?"

"ते खात न्हाई कुणाला." बोलल्यावर भुजंगाला तो चावलेला बर्फ आठवला. पण नदीकडून मोटारीचा भोंगा वाजला.

ओढत, हाणत अस्वल बोळाच्या तोंडाशी आणलं. तिथं ते एकदम वळलं आणि त्यानं भुजंगाचा पाय धरला. नखं काढली नाहीत. दोन्ही पंजांनी मांडी कवळली आणि फाटलेलं नाक त्याच्या गुडघ्यांत खुपसलं. भुजंगानं आयुष्यात जनावरांचे फार तमाशे पाहिले होते. हे पाहिलं नव्हतं. पहार वर गेली ती वरच राहिली.

समोर बोळात आश्रुबा दोर धरून उभा होता. दोन्ही हातांना दोराचे वेढे घेतलेले.

भुजंगानं त्या हातांकडं बघितलं आणि पहार घातली. अस्वलाच्या उजव्या पंजाचं हाड उसाचं कांडं मोडावं तसं वाजलं. पकड सुटली. त्यानं खांदा लावून ते धूड आत लोटलं, दार ओढलं, कडी घातली. "खेचा!" तो ओरडला.

आत अस्वल ओरडलं. सर्कशीपासून आजपर्यंत कुणी त्याचा तसला आवाज ऐकला नव्हता. मग तो आवाज मधूनच तुटला.

मुंजाजी बुरजाच्या अंगानं धावत खाली आला. त्याच्या हातात दोर होता. काठीसारखा ताठ.

"आश्रुबा कुठाय?"

"भुजंगा, गाठ सुटली न्हाई," म्हातारा म्हणाला. "गाठ हाय तशीच हाय बघ. माणूस न्हाई तिच्यात."

६

तेवढ्यात मोटार आली. खुर्च्या थेट बोळाच्या तोंडाशी मांडलेल्या. भुजंग कडीला हात घालतोय तोवर देशमुखांनी त्याचा दंड धरला आणि हसऱ्या तोंडानं, ओठ न हलवता म्हणाले, "साहेबासमोर दार उघडशील तर भावाला सोडवायला तू उरणार न्हाईस. हो बाजूला."

तालुकदारसाहेब घामेजलेले येऊन बसले आणि गारवा लागताच खुलले. "वाह देशमुखसाब, क्या ठंडक है! दफ्तर इधरिच लगाते अब, हौर कहीं नक्को." बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ आली. वैशाखात आपल्या तोंडची वाफ बघून ते लहान पोरासारखे फू-फू करायला लागले. "जानवर दिखाव!"

"भुजंगा," देशमुख म्हणाले.

भुजंगानं गजांशी तोंड नेलं. "चल," एवढंच त्याच्यानं म्हणवलं. त्याचीही वाफ आत गेली.

अस्वल आलं. दाराकडं तोंड करून, मागच्या पायांवर उभं. इतके दिवस ज्यानं एकदाही बाहेर बघितलं नव्हतं ते साहेबाकडं बघत होतं. म्हणजे डोळ्यांच्या जागी अंधार होता. उजेड तसा पडला असेल. त्यानं उजवा पंजा वर केला आणि सर्कशीत करायचं तसा सलाम केला. साहेब टाळ्या वाजवायला लागले.

उजवा पंजा. मघाच मोडलेला. सरळ उभा होता.

आणि त्याच्या तोंडातून वाफ येत नव्हती. भुजंग बघत राहिला. बाहेर सगळ्यांच्या तोंडून वाफ येत होती, चपराशाच्यासुद्धा. उघड्या जबड्यातून काहीच येत नव्हतं.

"बहोत खूब," साहेब म्हणाले. देशमुखांचं काम झालं.

७

मंडळी जेवायला वाड्यात गेली. जाता जाता देशमुख भुजंगाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ने तुझ्या भावाला घरी. मोकळा हाय."

दाराशी भुजंग आणि मुंजाजी उरले. बाहेर ऊन रणरणत होतं.

"दादा," आतून आवाज आला. "कडी काढ."

"आश्रुबा?"

"दुसरा कोन? गारठलो गा. काढ."

भुजंगाचा हात कडीवर गेला होता. त्यानं गजांतून बघितलं. अगदी समोर, वीतभर अंतरावर पांढरी कातडी उभी होती, ढिली, खांद्यावरून वाकळ घ्यावी तशी. तिच्या आत, वरच्या बाजूला, निळे ओठ.

"आयचं नाव सांग," भुजंग म्हणाला.

"दगडाबाई. दादा, येळ का करायलास? हात जड झालेत माझे."

ओठ हलले. वाफ आली नाही. भुजंगाची वाफ गजांतून आत जात होती आणि त्या ओठांवर जाऊन बसत होती.

"मुंजाजी, आवाज त्याचाच हाय का?"

"त्याचाच हाय," म्हातारा म्हणाला. तो रडत होता. "त्याचाच हाय गा. पर म्या उघड म्हनत न्हाई. उघडू नको बी म्हनत न्हाई. माझ्यावर टाकू नको."

भुजंगानं कडीवरचा हात काढला. बाजूला पडलेली तुळई उचलली आणि दाराला आडवी लावली. आत ते कळलं. दारावर मुठी पडायला लागल्या. माणसाच्या मुठी, दोन्ही, एकामागून एक. "दादा! दादा, तुझ्यापायी आत आलो म्या! आये!" सागवान थरथरत होतं. भुजंग पाठ लावून उभा राहिला. तो आतला आपला नाही, आपला नाही, असं तो मोठ्यानं म्हणत होता. शेजारी मुंजाजीनं कान दाबून घेतले होते.

मुठी थांबल्या. मग पायाशी खरवडल्यासारखा आवाज झाला. दाराखालच्या फटीतून बोटं बाहेर आली. दोन्ही हातांची. मातीत रुतवून ती बाहेर यायला लागली, पेरापेरानं, आणि त्यांनी भुजंगाच्या टाचेचा अंदाज घेतला.

त्यानं पहार उचलली. एकदा घातली. दुसऱ्यांदा घातली. हातात जोर होता तोवर घालत राहिला.

दारामागं कुणीतरी लहान पोरासारखं हुंदकलं आणि गप्प झालं.

फटीतून रक्त आलं. पांढऱ्या मातीवरून सरकत त्याच्या अनवाणी पावलाखाली पसरलं. भुजंग तसाच उभा राहिला, पहार धरून, खाली न बघता.

रक्त गरम होतं.